केबिनमधला दाब गेला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उड्डाणाआधी मास्क कसा लावायचा हे दाखवलं जातं, तेव्हा निम्मं विमान मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं. त्यात नवल नाही, कारण बहुतेकांना आयुष्यभर त्या मास्कची गरज पडत नाही. पण ज्यांना पडते, त्यांच्याकडे तेव्हा विचार करायला सवड नसते. म्हणून जे विचारायचं ते जमिनीवर असतानाच विचारलेलं बरं. उंचीचे आकडे फुटांत दिले आहेत, कारण बहुतेक देशांत वैमानिक आणि हवाई नियंत्रक फुटांतच बोलतात.

केबिनमध्ये हवेचा दाब भरावाच का लागतो? वर ऑक्सिजन नसतो म्हणून?

ऑक्सिजन असतो. समुद्रसपाटीला हवेत तो २१ टक्के असतो आणि ३५,००० फुटांवरही २१ टक्केच. घटतो तो दाब. १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, ३५,००० फुटांवर पावाच्याही थोडा खाली. फुप्फुसातला ऑक्सिजन रक्तात उतरतो तो या दाबाच्या जोरावर. तो जोरच नसेल तर कितीही खोल श्वास घ्या, रक्ताला पुरेसं काही मिळत नाही.

म्हणून विमान ३३,००० ते ४१,००० फुटांवर उडत असताना आतला दाब मात्र ८,००० फुटांवर असतो त्यापेक्षा कमी होऊ देत नाहीत. आतला दाब ज्या उंचीवरच्या दाबाएवढा असतो, तिला वैमानिक केबिनची उंची म्हणतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये ती साधारण ६,००० फुटांवरच ठेवतात. त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर अंग थोडं कमी आंबतं.

मग विमानं खालून का उडवत नाहीत?

इंधनासाठी. वरच्या विरळ हवेत विमानाला होणारा अडथळा कमी असतो, आणि पावसाचे बहुतेक ढगही खाली राहतात.

हा दाब येतो कुठून?

बहुतेक विमानांत इंजिनातूनच. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये दाबली गेलेली गरम हवा थोडी वळवून घेतात. तिला ब्लीड एअर म्हणतात. ती थंड करून केबिनमध्ये सोडली जाते. केबिन पूर्ण सीलबंद नसते. हवा एकीकडून सतत आत येते आणि बहुधा शेपटीच्या बाजूला असलेल्या आउटफ्लो व्हॉल्व्हमधून सतत बाहेर जाते. हा व्हॉल्व्ह किती उघडा ठेवायचा यावर आतला दाब ठरतो, आणि ते काम संगणक करतो. ७८७ मध्ये इंजिनातून हवा न घेता विजेवर चालणारे कॉम्प्रेसर वापरतात.

यावरून दाब जाण्याच्या वाटाही कळतात. आत येणारी हवा थांबते, व्हॉल्व्ह नको तेवढा उघडा राहतो, किंवा विमानाच्या अंगाला भोक पडतं. चित्रपटात फक्त तिसरी वाट दिसते, पण खरा त्रास बऱ्याचदा पहिल्या दोन वाटांनी येतो.

दाब अचानक गेला तर आत काय जाणवतं?

मोठा आवाज होतो, कानांत दडे बसतात, कागद, कप, धूळ असं सुटं काही असेल ते उडतं. केबिन क्षणात धुक्याने भरते. दाब एकदम घटला की हवा गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात, म्हणून हे धुकं. अनेकांना तो धूर वाटतो आणि आग लागली अशी भीती वाटते. धुकं थोड्याच वेळात विरतं. बाहेर उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असल्याने थंडी मात्र झपाट्याने वाढते.

छातीतली आणि पोटातली हवा या वेळी फुगते. श्वास रोखून धरू नका, तोंड उघडं ठेवून बाहेर सोडा. रोखून धरलेला श्वास फुप्फुसाला इजा करू शकतो.

आणि दाब हळूहळू गेला तर?

माझ्या मते हा सगळ्यात घातक प्रकार आहे, आणि प्रवाशांच्या मनात याची भीती सगळ्यात कमी असते. यात आवाज होत नाही, धुकं येत नाही, दुखत नाही. ऑक्सिजन कमी पडायला लागला की मेंदूचा जो भाग चूक ओळखतो तोच आधी मंदावतो. माणसाला उलट बरं वाटतं, हसू येतं, आपण नीट विचार करतोय अशी खात्री वाटते. नखं आणि ओठ निळसर होतात, बोटांना मुंग्या येतात, नजर कडेने आवळत जाते, पण त्याची काळजी वाटत नाही. म्हणूनच ‘मला काही होत नाहीये’ हे या परिस्थितीत कशाचंच लक्षण मानता येत नाही.

१४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७ सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सला निघालं. आधीच्या दुरुस्तीत दाबाची तपासणी करताना नियंत्रणाची कळ मॅन्युअलवर फिरवली होती, ती तशीच राहिली. उड्डाणापूर्वीच्या तपासणीतही ती सुटली. विमान वर चढत गेलं, दाब भरलाच नाही. १२,००० फुटांच्या सुमारास भोंगा वाजला. पण त्या विमानात उड्डाणाची मांडणी चुकल्याचा इशाराही त्याच आवाजात मिळायचा, आणि वैमानिकांनी तो तसा समजून घेतला. मग ते जमिनीवरच्या इंजिनियरशी यंत्रं थंड ठेवणाऱ्या यंत्रणेबद्दल बोलत राहिले. बोलता बोलता दोघांची शुद्ध हरपली. मागे प्रवाशांचे मास्क आपोआप खाली आले होते, पण विमान खाली आणणारं कुणी नव्हतं. ऑटोपायलटने ते ३४,००० फुटांवर नेलं, अथेन्सपर्यंत नेलं आणि तिथे घिरट्या घालत ठेवलं. पाहणीसाठी गेलेल्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना सहवैमानिक खुर्चीत कलंडलेला दिसला. शेवटी शेवटी केबिन क्रूपैकी एक जण कॉकपिटमध्ये पोचला, पण तोवर इंधन संपत आलं होतं. विमानातले सगळे १२१ जण गेले.

या अपघातात धातू फाटला नाही, काच फुटली नाही. एक कळ चुकीच्या जागी राहिली एवढंच. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानातही ब्लीड एअरची बटणं चालू करायची राहून गेली. अनेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं. तिथे मास्क खाली आले, विमान वेळीच वळवलं गेलं आणि मुंबईला सुखरूप उतरलं.

शुद्ध किती वेळ टिकते?

इथे बेशुद्ध पडेपर्यंतचा वेळ मोजत नाहीत. स्वतःहून काही कामाचं करता येईल एवढं भान किती वेळ राहतं, ते मोजतात. २५,००० फुटांवर साधारण ३ ते ५ मिनिटं, ३५,००० फुटांवर ३० ते ६० सेकंद, ४०,००० फुटांवर १५ ते २० सेकंद. दाब झटक्यात गेला असेल तर हा वेळ निम्म्यावरही येऊ शकतो, कारण फुप्फुसातली शिल्लक हवाही त्या झटक्यात बाहेर पडते. धूम्रपान, थकवा, दारू, धावपळ यांनी तो आणखी घटतो. चष्मा शोधू, आधी फोटो काढू, शेजारच्याला विचारू, अशा गोष्टींना यात जागा नाही.

मास्क खाली आला. नेमकं काय करायचं?

केबिनची उंची १४,००० फुटांच्या आसपास गेली की डोक्यावरची झाकणं उघडून मास्क आपोआप लोंबकळू लागतात. वैमानिक ते हातानेही सोडू शकतात. मास्क जोरात आपल्याकडे ओढा. नुसता हलकेच तोंडाला लावू नका, कारण बहुतेक विमानांत हा ओढच ऑक्सिजन सुरू करतो. वर एक छोटं रासायनिक जनित्र असतं, ओढल्यावर त्याची पिन निघते आणि सोडियम क्लोरेटच्या विघटनातून ऑक्सिजन बाहेर पडू लागतो. बऱ्याच विमानांत एका ओळीला एकच जनित्र असतं, त्यामुळे कुणीही एक मास्क ओढला की सगळे सुरू होतात.

मास्कने नाक आणि तोंड दोन्ही झाका. एप्रिल २०१८ मध्ये साउथवेस्टच्या १३८० क्रमांकाच्या उड्डाणात प्रवाशांनी काढलेले फोटो जगभर फिरले. त्यात कित्येकांनी मास्क फक्त तोंडावर धरला होता आणि नाक मोकळं होतं. सूचना ऐकली नाही की हे असं होतं. पट्टा डोक्यामागे घाला, दोन्ही बाजूंनी ओढून घट्ट करा, नेहमीसारखा श्वास घ्या आणि सीटबेल्ट आवळा.

पिशवी फुगली नाही, शिवाय जळका वास येतोय. मास्क बिघडलाय का?

दोन्ही गोष्टी अपेक्षित आहेत. ऑक्सिजन सतत वाहत असला तरी पिशवी दिसण्याइतकी फुगेलच असं नाही. सूचनेतही हे दरवेळी सांगतात, पण ऐन वेळी पिशवी सपाट पाहून लोक मास्क काढून टाकतात. वास येतो तो तापलेल्या जनित्राचा आणि त्यावर साचलेल्या धुळीचा. जनित्राचं कवच २०० अंश सेल्सिअसच्या वर तापतं, म्हणून वरच्या कप्प्यात हात घालू नका आणि नंतर मास्क परत आत कोंबायचा प्रयत्न करू नका. ही जनित्रं किती धोकादायक ठरू शकतात ते मे १९९६ मध्ये दिसलं. व्हॅल्यूजेटच्या ५९२ क्रमांकाच्या विमानात मुदत संपलेली जनित्रं माल म्हणून चुकीच्या पद्धतीने चढवली होती. त्यांनी मालकक्षात आग लागली आणि ११० जणांचा जीव गेला. डोक्यावरच्या कप्प्यात बसवलेली असताना त्यांना उष्णतारोधक कवच असतं, त्यामुळे प्रवाशांनी घाबरण्याचं कारण नाही.

मूल शेजारी असताना आधी स्वतःला मास्क कसा लावायचा? मनच होणार नाही.

होणार नाही, हे खरं आहे. पण वरचे आकडे पुन्हा पाहा. घाबरलेलं, तोंड फिरवणारं मूल सांभाळत त्याला मास्क लावायला अर्धं मिनिट सहज जातं, आणि तेवढ्यात तुमची बोटं पट्टा ओळखेनाशी होऊ शकतात. मग मास्क अर्धवट लागलेलं मूल आणि त्याला मदत करू न शकणारी आई, असे दोघंही अडकतात. स्वतःला मास्क लावायला पाच सेकंद पुरतात. त्यानंतर मुलासाठी तुमच्याकडे कितीतरी मिनिटं असतात. आणि मूल काही क्षण गुंगलं तरी मास्क लावल्यावर ते सहसा लवकर सावरतं.

मांडीवरच्या बाळासाठी वेगळा मास्क असतो. आसनांपेक्षा किमान १० टक्के जास्त मास्क ठेवण्याचा नियम आहे. एका ओळीत मांडीवरची दोन बाळं बसू देत नाहीत यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. त्या ओळीत जादा मास्क एकच असतो.

हा ऑक्सिजन किती वेळ पुरतो? बारा मिनिटं म्हणजे फारच कमी नाही का?

रासायनिक जनित्र साधारण १२ ते १५ मिनिटं चालतं, काही जास्त वेळ चालणारीही असतात. ३५,००० वरून १०,००० फुटांवर यायला विमानाला चार-पाच मिनिटं लागतात, आणि १०,००० फुटांवर निरोगी माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. म्हणजे हिशेब व्यवस्थित बसतो.

अडचण येते ती खाली उंच डोंगर असतात तेव्हा. तिबेटच्या पठारावर १०,००० फुटांवर उतरायचं म्हटलं तर जमिनीतच घुसावं लागेल. अशा मार्गांवर जाणाऱ्या विमानांत ऑक्सिजनचा साठा जास्त असतो, आणि कोणत्या टप्प्यावरून कुठल्या दरीच्या दिशेने निघायचं हे उड्डाणाआधीच ठरलेलं असतं. मे २०१८ मध्ये ल्हासाला निघालेल्या सिचुआन एअरलाइन्सच्या ए३१९ ची उजवी पुढची काच ३२,००० फुटांच्या आसपास निखळली आणि सहवैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. डोंगरांमुळे कॅप्टनला एका दमात खाली येता आलं नाही. आधी वरच थांबून, डोंगर ओलांडून मग तो उतरला आणि विमान चेंगडूला सुखरूप टेकवलं. सहवैमानिकही वाचला.

विमान कोसळतंय असं का वाटतं? वैमानिक काही सांगत का नाहीत?

कारण त्या वेळी ते मास्क लावून एका ठरलेल्या क्रमाने काम करत असतात, आणि त्या क्रमात प्रवाशांशी गप्पा फार मागे येतात. पहिली गोष्ट मास्क. कॉकपिटमधले मास्क एका हाताने पाच सेकंदांत लावता येतील असे बनवलेले असतात आणि त्यांना सिलिंडरमधला ऑक्सिजन मिळतो. मग एकमेकांशी मास्कमधल्या मायक्रोफोनवरून बोलणं होतंय ना हे पाहणं, मग खाली उतरणं. इंजिनं आयडलवर म्हणजे अगदी कमी जोरावर आणतात, पंखांवरचे स्पॉयलर म्हणजे हवेला अडवणारी झडपं उघडतात आणि नाक खाली करतात. मिनिटाला पाच-सहा हजार फूट उतरणं हे नेहमीच्या उताराच्या दोन-तीन पट असतं, म्हणून पोटात गोळा येतो. स्पॉयलरमुळे विमान थरथरतं, तेही भीती वाढवतं. विमान मात्र ताब्यात असतं. अंगाला भोक पडल्याची शंका असेल तर वेग आवरता ठेवतात, म्हणजे फाटलेला भाग आणखी फाटत नाही.

याच वेळी ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे नियंत्रकांच्या रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आणीबाणीचा आकडा लावतात, नियंत्रकांना ‘मेडे’ कळवतात, आणि खालच्या विमानांशी गाठ पडू नये म्हणून गरज असेल तर मार्गावरून बाजूला वळतात. पहिली घोषणा नुसती ‘इमर्जन्सी डिसेंट’ एवढीच असू शकते. सविस्तर बोलणं येईल, पण १०,००० फुटांवर आल्यावर. ए३५० सारख्या काही विमानांत वैमानिकांकडून प्रतिसादच आला नाही तर विमान स्वतःहून खाली येऊ लागतं. हेलिओसमध्ये ही सोय नव्हती.

केबिन क्रूही तुमच्याकडे धावत येणार नाही. हाताशी असेल तो मास्क लावून, जागा मिळेल तिथे बसून राहायचं, असंच त्यांचं प्रशिक्षण असतं.

भोक पडलं तर माणसं बाहेर ओढली जातात का?

भोक मोठं असेल, तुम्ही त्याला चिकटून असाल आणि बेल्ट सैल किंवा सुटा असेल तर, होय. जोर असतो तो पहिल्या काही क्षणांचा. आतला-बाहेरचा दाब सारखा झाला की ओढ संपते, त्यानंतर त्रास देतो तो बाहेरचा वारा.

एप्रिल १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या २४३ क्रमांकाच्या विमानाचं पुढच्या बाजूचं छप्पर २४,००० फुटांवर सुमारे १८ फूट लांबीचं उडून गेलं. उभी असलेली एक फ्लाइट अटेंडंट बाहेर फेकली गेली. बेल्ट लावलेले सगळे प्रवासी उघड्या आभाळाखाली बसून उतरले. जून १९९० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० मध्ये चुकीच्या मापाच्या बोल्टनी बसवलेली काच निखळली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन वाचले. साउथवेस्ट १३८० मध्ये इंजिनाच्या तुकड्याने खिडकी फुटली आणि तिथे बसलेल्या एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या १२८२ मधून न वापरलेल्या दाराची जागा बंद करणारं अख्खं पॅनेल १६,००० फुटांवर उडालं. त्याला जागेवर धरून ठेवणारे चार बोल्टच बसवलेले नव्हते. अगदी त्याच्या शेजारचं आसन नेमकं रिकामं होतं आणि कुणाचा जीव गेला नाही.

बेल्टची खूण बंद असली तरी बसल्या जागी बेल्ट लावून ठेवायचा, याचं यापेक्षा चांगलं कारण मला माहीत नाही.

कुणी मध्येच दार उघडलं तर?

उंचावर उघडणार नाही. आतला दाब दाराला चौकटीत घट्ट दाबून धरतो. दाराच्या आकाराचा हिशेब केला तर हा जोर दहा टनांच्या आसपास जातो. मात्र जमिनीजवळ दाबातला फरक नगण्य असतो. मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियात देगूला उतरणाऱ्या एशियाना विमानाचं दार एका प्रवाशाने सुमारे ७०० फुटांवर उघडलं. विमान सुखरूप उतरलं.

खिडकीच्या काचेत बारीक छिद्र दिसतं. त्यातून दाब जात नाही ना?

नाही. ते मधल्या काचेत मुद्दाम पाडलेलं असतं, म्हणजे सगळा भार बाहेरच्या काचेने पेलावा आणि मधली राखीव राहावी. खिडकी धुरकट होत नाही तीही त्याच्यामुळेच.

जुन्या विमानांत धोका जास्त असतो का?

वयापेक्षा फेऱ्या महत्त्वाच्या. प्रत्येक उड्डाणात विमानाचं अंग एकदा फुगतं आणि एकदा पूर्ववत होतं, आणि धातू त्याने थकतो. हे ठळकपणे कळलं ते कॉमेट या सुरुवातीच्या प्रवासी जेट विमानामुळे. १९५४ मध्ये दोन कॉमेट विमानं हवेत फुटली. मग इंग्लंडमध्ये फार्नबरोला एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हापुन्हा दाब भरला, तेव्हा भेग कुठून सुरू होते ते दिसलं. अलोहाच्या विमानाने बेटांमधल्या छोट्या छोट्या फेऱ्या करत ८९,६८० उड्डाणं केली होती, आणि भर म्हणून खारी हवा. ऑगस्ट १९८५ मध्ये जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या विमानाची मागची दाबभिंत फुटली, सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेली आणि ५२० जण मृत्युमुखी पडले. त्या भिंतीची सात वर्षांपूर्वी झालेली दुरुस्ती चुकीची होती. म्हणून आज ठरावीक फेऱ्यांनंतर विमानाचे सांधे खास उपकरणांनी तपासले जातात.

शौचालयात असताना असं झालं तर?

तिथेही मास्क असतात. जागेवर परतायची घाई करू नका. तिथेच मास्क लावून बसा.

१०,००० फुटांवर आल्यावर लगेच उतरतात का?

जवळचा योग्य विमानतळ गाठतात. एवढ्या खाली इंधन खूपच जास्त लागतं, त्यामुळे ठरलेल्या ठिकाणापर्यंत पोचणं बहुधा शक्य नसतं. समुद्रावरच्या लांब मार्गांसाठी मात्र अगदी मधोमध दाब गेला तरी कमी उंचीवरून किनाऱ्याला लागता येईल, एवढं इंधन आधीच धरलेलं असतं. क्रू सांगेपर्यंत मास्क काढू नका. बहुतेक सगळे जण एव्हाना ठीक असतात, पण कुणी गुंगीत आहे का हे शेजाऱ्यांनी पाहायला हरकत नाही.

नंतर डॉक्टरांकडे जायची गरज असते का?

कानात दडा बसणं एक-दोन दिवसांत जातं. खूप दुखत असेल, ऐकू कमी येत असेल, कानातून रक्त किंवा पाणी आलं असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पडद्याला इजा झालेली असू शकते. छातीत दुखणं, धाप लागणं, गोंधळल्यासारखं वाटणं यांकडे त्याच दिवशी लक्ष द्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी बरं वाटत असलं तरी तपासून घ्यावं.

स्कूबा डायव्हिंग करून आलेल्यांचं प्रकरण वेगळं आहे. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब कमी झाला की सोड्याच्या बाटलीसारखा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो, आणि सांधे किंवा मज्जासंस्थेला इजा करतो. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये असं सांगतात. हे नेहमीच्या केबिनसाठी. दाब गेलेल्या विमानात तुम्ही असलात आणि आदल्या दिवशी डाइव्ह केली असेल, तर सांधेदुखी किंवा बधिरपणा जाणवण्याची वाट न पाहता उतरल्या उतरल्या तिथल्या वैद्यकीय पथकाला ते सांगा.